पेन्सिलीने लिहिलेला आकडा

पुस्तक ग्रंथालयातून काढायचं ठरलं की त्याच्या शीर्षकपृष्ठावर शिक्का मारतात. जांभळ्या शाईतली दोन अक्षरं, 'बाद'. मग दाखल नोंदवहीत त्या पुस्तकाच्या ओळीत, शेवटच्या रकान्यात, ठरावाचा क्रमांक आणि तारीख लिहायची, तालिकेच्या खणातून त्याची कार्डं काढायची आणि पुस्तक मागच्या व्हरांड्यात नेऊन ठेवायचं. सोलापुरातल्या एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात मी चौतीस वर्षं नोकरी केली. बाद केलेल्या प्रत्येक पुस्तकाचा हिशेब माझ्या अक्षरात नोंदवहीत आहे. एका दुपारचा हिशेब मात्र कुठेच नाही.

मार्चचा शेवटचा आठवडा होता. तपासणी समिती यायची होती आणि ग्रंथालय 'नीट दिसलं पाहिजे' असा निरोप वरून आला होता. मागच्या खोलीत देणगीची दोन पत्र्याची कपाटं होती. कुणा निवृत्त मास्तरांच्या घरच्यांनी, कुणा गिरणीतल्या कारकुनाच्या मुलाने, कुणी घर बदलताना आणून दिलेली पुस्तकं. तीनेकशे असतील. बरीचशी कानडी, तेलुगू आणि उर्दू. या पुस्तकांवर शिक्का मारावा लागला नाही, कारण ती कधी दाखलच झाली नव्हती. आमच्याकडे त्या लिप्या वाचणारं कुणी नव्हतं. नाव वाचता येत नाही म्हणून नोंद नाही, नोंद नाही म्हणून क्रमांक नाही, क्रमांक नाही म्हणून मांडणीत जागा नाही. जे दाखल झालं नाही ते बाद तरी कसं करणार? रद्दीवाल्याने तागडी लावली, सुतळीने गठ्ठे बांधले, आणि ती गेली.

त्यातलं एक पातळसं पुस्तक मी पर्समध्ये टाकलं. त्याच्या समासांत कुणीतरी शिसपेन्सिलीने बारीक अक्षरांत भरभरून लिहिलेलं होतं. लिपी कानडी की तेलुगू, एवढंही मला तेव्हा ओळखता आलं नाही. ग्रंथपाल म्हणून मला याची लाज वाटली, आणि ती अजून गेलेली नाही.

ग्रंथालयात पुस्तक आलं की आधी दाखल क्रमांक आणि मग वर्गांक, म्हणजे पुस्तकाचा विषय सांगणारा आकडा. वर्गांक शीर्षकपृष्ठाच्या मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहायचा, ही आमची जुनी शिस्त. चुकला तर खोडता यावा म्हणून. हा आकडा कुठून येतो हे वाचकाला सहसा माहीत नसतं, असायची गरजही नसते. अमेरिकेतल्या अॅमहर्स्ट कॉलेजच्या ग्रंथालयात काम करणाऱ्या मेल्व्हिल ड्यूई नावाच्या चोवीस वर्षांच्या तरुणाने १८७६ साली सगळ्या ज्ञानाचे दहा भाग पाडले, प्रत्येकाचे पुन्हा दहा, त्यांचे पुन्हा दहा. साहित्याला ८०० ते ८९९. त्यात ८१० अमेरिकी, ८२० इंग्रजी, मग जर्मन, फ्रेंच, इटालियन, स्पॅनिश, लॅटिन, ग्रीक. या आठांना पुरी दहा-दहा घरं. उरलेल्या साऱ्या जगाला मिळून ८९०.

मराठी साहित्य ८९१.४६ वर. उर्दू ८९१.४३९. कानडी ८९४.८१४. तेलुगू ८९४.८२७.

हे चारही आकडे मला पाठ आहेत. सोलापूरकराला त्यांत आपलं अख्खं गाव दिसेल. बाळीवेशीत कानडी कानावर पडतं, पूर्व भागात मागांच्या खडखडाटात तेलुगू, विजापूर वेशीकडे उर्दू, आणि मंडईत भाव करताना एकाच बाईच्या तोंडी यातल्या तीन भाषा. आमच्याकडे रिक्षावाला प्रवाशाचा चेहरा बघून भाषा बदलतो. हे गाव चार भाषांत भांडतं आणि चार भाषांत लग्नं लावतं. ड्यूईच्या आराखड्यात हे सगळे शेजारी 'इतर' या एका खोलीत, दशांशचिन्हाच्या पलीकडे दाटीवाटीने उभे. मांडणीही आकड्यांच्या क्रमानेच होते, त्यामुळे आमच्या ग्रंथालयात ८२० चं इंग्रजी दाराजवळच्या उजेडात होतं आणि ८९१ शेवटच्या भिंतीला, जिथे पंख्याचा वारा पोचत नसे. कुणी ठरवून केलं नव्हतं. आकड्याने केलं होतं.

धर्माचंही तेच. ख्रिस्ती धर्माला २२० ते २८९, बाकीच्या सगळ्या धर्मांना मिळून २९०.

ड्यूईच्या नियमावलीत एक सवलत आहे: ग्रंथालयाला वाटलं तर त्याने आपल्या भाषेचं साहित्य ८१० वर आणावं, म्हणजे आकडा आखूड होतो आणि ती भाषा पुढे येते. ही टीप माझ्या वाचनात आली नोकरीच्या अकराव्या-बाराव्या वर्षी. तोवर हजारो मराठी पुस्तकांच्या पाठीवर ८९१.४६ च्या चिठ्ठ्या डकवून झाल्या होत्या, आणि त्यातल्या निम्म्या माझ्याच हाताच्या. पुन्हा बदलायचं म्हटलं तर माणसं नव्हती, पैसा नव्हता, आणि हे बदलण्यासारखं आहे हे पटणारं कुणी नव्हतं.

काय आत घ्यायचं आणि काय नाही, हा प्रश्न विद्यापीठांच्या ग्रंथालयांना जन्मापासून चिकटलेला आहे. पॅरिसच्या सोर्बोनमध्ये तेराव्या शतकाच्या अखेरीस पुस्तकांचे दोन भाग केले गेले. जास्त लागणारी पुस्तकं साखळीने मेजाला बांधून ठेवायची, जादा प्रती आणि कमी लागणारी बाहेर द्यायची. १२९० च्या यादीत १,०१७ ग्रंथ होते. जवळजवळ सगळे लॅटिन. बाहेर रस्त्यावर बोलली जाणारी फ्रेंच आत बोटांवर मोजण्याइतकी. त्या शहरातली पाववाली, विणकर, गवंडी माणसं ज्या भाषेत जगत होती ती अभ्यासाची भाषाच नव्हती. हे वाचलं तेव्हा मला आमची पत्र्याची कपाटं आठवली.

ऑक्सफर्डचं बोडलियन ग्रंथालय १६०२ साली उघडलं, टॉमस बोडली यांच्या पैशाने आणि हट्टाने. १६१० मध्ये त्यांनी लंडनच्या प्रकाशक-मुद्रकांच्या मंडळाशी करार केला: छापलेल्या प्रत्येक नव्या पुस्तकाची एक प्रत ग्रंथालयाला. दार एवढं सताड उघडल्यावरही बोडलींनी आपल्या ग्रंथपालाला पत्रातून बजावलं की नाटकं, पंचांगं, जाहीरनामे असली हलकी छपाई आत घेऊ नये. पुढे शेक्सपिअरच्या नाटकांचा १६२३ सालचा एकत्रित ग्रंथ तिथे आला खरा, पण चाळीसेक वर्षांनी नवी आवृत्ती मिळाल्यावर जुनी प्रत जादा ठरवून काढून टाकण्यात आली. १९०५ साली एका घराण्याच्या पुस्तकांत तीच प्रत सापडली आणि लोकांकडून वर्गणी गोळा करून ती ३,००० पौंडांना परत घ्यावी लागली. बाद केलेलं पुस्तक परत आल्याचं हे उदाहरण मी ग्रंथालयात नव्याने लागणाऱ्या प्रत्येक मुलाला सांगत असे. शेक्सपिअर होता म्हणून ते परत आलं, हेही सांगत असे. बोडलींच्या यादीतला 'पंचांग' हा शब्द लक्षात ठेवा, मी त्याच्याकडे परत येणार आहे.

आता आमच्या सोलापूरची गोष्ट, जी मला या सगळ्यांत जवळची आहे.

दक्षिण कन्नडातल्या मूडबिद्रीला जैन बसदीत, म्हणजे मंदिरात, ताडपत्रांवरचे सिद्धान्तग्रंथ होते. पुष्पदंत आणि भूतबली या आचार्यांचं 'षट्खंडागम', आणि त्यावरची वीरसेनाचार्यांची नवव्या शतकातली 'धवला' ही प्रचंड टीका. भाषा प्राकृत आणि संस्कृत, लिपी जुनी कानडी. शतकानुशतकं यात्रेकरू तिथे जात, त्या ताडपत्रांचं दर्शन घेत, हात जोडत आणि परत येत. ग्रंथ देवासारखा पुजला जात होता, वाचला जात नव्हता. मुंबईचे शेठ माणिकचंद १८८३ च्या सुमारास यात्रेला गेले तेव्हा त्यांना त्या पानांची अवस्था दिसली, आणि त्यांनी ते कळवलं सोलापूरला, हिराचंद नेमचंद दोशींना. हे हिराचंद म्हणजे उद्योगपती वालचंदांचे वडील. 'जैन बोधक' हे नियतकालिक त्यांनी सोलापुरातूनच सुरू केलं, आणि त्यांच्या नावाचं वाचनालय आजही गावात आहे.

हिराचंद स्वतः मूडबिद्रीला गेले. सोबत श्रवणबेळगोळचे ब्रह्मसूरी शास्त्री, कारण ती लिपी आणि ती भाषा दोन्ही येणारा माणूस लागत होता. शास्त्रींनी ताडपत्र हातात घेऊन सुरुवातीचं मंगलाचरण वाचून दाखवलं. किती काळाने ती अक्षरं कुणाच्या तोंडून बाहेर पडली असतील! मी त्या क्षणाचा पुष्कळ विचार केला आहे. सोलापूरचा एक व्यापारी, ज्याला ते पान वाचता येत नाही, शेजारी बसून ऐकतो आहे. पुढे काय करायचं ते त्याला कळलं. मला वाचता आलं नाही तेव्हा मी रद्दीवाल्याला बोलावलं होतं.

नक्कल करायला परवानगी मिळेपर्यंत आणखी दहा-बारा वर्षं गेली. १८९६ मध्ये काम सुरू झालं. अट अशी की नक्कल झाली तरी ती तिथून हलायची नाही. नकलाकारांपैकी गजपती शास्त्री यांनी मात्र पत्नी लक्ष्मीबाईंच्या मदतीने घरी गुपचूप आणखी एक कानडी प्रत तयार केली. ती पुढे उत्तरेत सहारनपूरला पोचली, तिथून तिच्या नकला निघाल्या आणि ग्रंथ देशभर पसरला. नियम मोडून झालेलं हे काम योग्य की अयोग्य, यावर मी बोलणार नाही. पण लक्ष्मीबाईंचं नाव ग्रंथालयशास्त्राच्या पुस्तकांत यायला हवं, असं मला मनापासून वाटतं. दिवसा बसदीतलं काम, रात्री घरात समईच्या उजेडात दुसरी प्रत, असं काहीसं चित्र मी आपलं डोळ्यांपुढे आणते.

१९३९ साली अमरावतीहून प्रा. हिरालाल जैन यांच्या संपादनाखाली पहिला खंड छापून आला. पुढे एकूण १६ खंड झाले. त्यातला चौथा खंड आला तेव्हा लखनौ विद्यापीठातले गणिताचे प्राध्यापक अवधेश नारायण सिंह यांनी धवलेतल्या गणितावर त्यात लेख लिहिला. एखादी संख्या किती वेळा निम्मी करता येते, याला धवलेत 'अर्धच्छेद' म्हटलं आहे. ३२ चे अर्धच्छेद ५. आज आपण ज्याला दोन हा पाया घेतलेला लॉगरिदम म्हणतो, तेच हे. तीनने भागत गेलं तर त्रिकच्छेद. सिंह हे भारतीय गणिताच्या इतिहासावरच्या एका मोठ्या ग्रंथाचे सहलेखक, आणि तो ग्रंथ धवला छापली जाण्याआधीच प्रसिद्ध झाला होता. म्हणजे विद्वान होता, त्याची तयारी होती, विषय त्याचाच होता. नव्हता तो फक्त ग्रंथ. ज्ञान कसं घडतं याचं यापेक्षा स्वच्छ उदाहरण माझ्यापाशी नाही. गणिताच्या इतिहासातलं एक प्रकरण मूडबिद्रीच्या कुलपाआड होतं, आणि त्याची किल्ली शोधायला निघालेल्यांत एक सोलापूरचा माणूस होता. पुढे सोलापूरच्याच जैन संस्कृती संरक्षक संघाच्या जीवराज जैन ग्रंथमालेने 'तिलोयपण्णत्ती'सारखे ग्रंथ पहिल्यांदा छापले. परदेशातल्या विद्यापीठांच्या सूच्यांत प्रकाशनस्थळ म्हणून 'शोलापूर' हा शब्द येतो तो या पुस्तकांमुळे. पहिल्यांदा पाहिला तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

आणखी एक माणूस, आमच्या शेजारच्या विजापूरचा. फ. गु. हळकट्टी हे वकील. बाराव्या शतकातल्या शरणांची, म्हणजे कानडी शिवभक्त संतकवींची, वचनं मठांत आणि घराघरांत ताडपत्रांवर विखुरलेली होती. ती त्यांनी दारोदार फिरून जमवली, १९२३ मध्ये छापली, पुढे स्वतःचा छापखाना काढला आणि त्यापायी घरदारही घालवलं. आमचे ग्रामदैवत सिद्धराम हे त्याच शरणांतले. अडुसष्ट हजार वचनं गाऊन गाऊन मन थकलं, असं त्यांच्याच एका वचनात आहे. त्यातली फार थोडी आज हाती आहेत. गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांना हात लावायला लाखो लोक येतात. सिद्धराम कवी होते हे त्यातल्या कितीजणांना माहीत असेल? माझ्या विद्यार्थ्यांना माहीत नव्हतं. आमच्या कपाटात ८९४.८१४ हा आकडा पडलेलं एकही पुस्तक नव्हतं, मग त्यांना ते कळणार कुठून?

आमच्याकडे संग्रह ठरवायचा तो अभ्यासक्रम. यात कुणा एकाचा दोष नाही, मुळातच ते तसं आहे. मुंबई विद्यापीठ १८५७ साली निघालं ते परीक्षा घेण्यासाठी. त्याची ग्रंथालयाची देखणी इमारत उभी राहिली ती प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून, आणि आईच्या नावाचा राजाबाई टॉवर पुरा व्हायला १८७८ उजाडलं. सोलापुरात दयानंद कॉलेज निघालं १९४० साली. आमच्या मुलांचे पेपर आधी मुंबईचे, मग पुण्याचे, १९६२ नंतर कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचे. पेपर जिथून येई तिथली यादी, आणि यादीतली पुस्तकं आमच्या कपाटात. मार्च जवळ आला की अनुदान संपवायची घाई, विक्रेत्यांच्या याद्या, एकाच पाठ्यपुस्तकाच्या वीस-वीस प्रती. बुक बँकेतल्या मुलांना त्या हव्याच असत, पहाटे हॉटेलात काम करून कॉलेजला येणारी मुलं होती ती. तरी वीसऐवजी अठरा प्रती घेऊन दोनच दुसरी पुस्तकं घेतली असती, तर चौतीस वर्षांत किती झाली असती, हा हिशेब मी निवृत्त झाल्यावर केला. करायला नको होता.

रंगनाथनांचे नियम आम्ही पाठ केले होते. गणित शिकवणारा हा माणूस १९२४ साली मद्रास विद्यापीठाचा ग्रंथपाल झाला, लंडनला जाऊन ग्रंथालयशास्त्र शिकून आला, आणि १९३१ साली त्याने आपले पाच नियम पुस्तकरूपाने मांडले. प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ, हा दुसरा. प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक, हा तिसरा. परीक्षेत मी या दोहोंवर पानं भरून लिहिलं होतं. पत्र्याच्या कपाटातल्या त्या तीनशे पुस्तकांचा वाचक महाविद्यालयाच्या फाटकाबाहेर, पाच मिनिटांच्या अंतरावर राहत होता. मी त्याला कधी आत बोलावलं नाही.

१ ऑगस्ट २००४ ला सोलापूरला स्वतःचं विद्यापीठ मिळालं, एकाच जिल्ह्यासाठीचं. आता तिथे आणि गावातल्या महाविद्यालयांत पुष्कळ मुलं संशोधन करतात. अजूनही काहीजण माझ्या घरी येतात. विषय बहुधा १९३० चा मार्शल लॉ, मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा हे चार हुतात्मे, किंवा गिरण्या. मी विचारते, साधनं काय? तीच पाच-सहा पुस्तकं, १८८४ चं गॅझेटिअर, सरकारी अहवाल आणि शोधगंगा या संकेतस्थळावरचे आधीचे प्रबंध, ज्यांच्यामागे पुन्हा तीच पाच-सहा पुस्तकं. गिरणीवर लिहायचं तर मालकाची बाजू इंग्रजीत सापडते, सरकारची सापडते. जॉबरची म्हणजे गिरणीतल्या मुकादमाची, मागावर बसणाऱ्याची, विड्या वळणाऱ्या बाईची सापडत नाही. त्यांनी काही लिहिलंच नाही असं मुलं मानून चालतात, कारण सूचीत काही येत नाही. हल्ली बरंचसं संगणकावर मिळतं, आणि ते चांगलंच आहे. कोल्हापूरच्या खर्डेकर ग्रंथालयात एक नियतकालिक बघायला मी एसटीने सात-सात तास गेलेली बाई आहे, मला त्याची किंमत कळते. पण ते भाड्याचं घर आहे. वर्गणी थांबली की दार बंद, आणि कपाटात मागे काही उरत नाही. शिवाय पूर्व भागातल्या एखाद्या माळ्यावरची ट्रंक त्यात येणार नाही. ती कुणीतरी जाऊन उघडावी लागते.

गेल्या वर्षी घर आवरताना ते पर्समधलं पुस्तक पुन्हा हाती आलं. आमच्या मागच्या गल्लीत पद्मशाली समाजातल्या एक अव्वा राहतात, पंच्याऐंशीच्या पुढच्या. त्यांच्याकडे घेऊन गेले. त्यांनी चष्मा पुसला, पान लांब धरलं आणि म्हणाल्या, "पोरी, हे तेलुगू हाय की. पंचांग हाय." नंदन संवत्सर, शके १८७४. म्हणजे १९५२-५३.

पंचांग. बोडलींनी दाराबाहेर ठेवलं होतं तेच.

मग त्या समासातलं वाचू लागल्या. तिथीच्या शेजारी, ज्या दिवशी जे घडलं ते. उचल वीस रुपये. ताणा बसला नाही, परत केला. दोन लुगडी दिली, पैसे पौर्णिमेला. सूत नाही, माग बंद. पुन्हा सूत नाही. एका पंधरवड्यात सलग नऊ दिवस फक्त एक आडवी रेघ. एका एकादशीला: मुलगी झाली. त्याच्या दुसऱ्या दिवशी: उचल दहा रुपये. पहिल्या पानावर घराण्याचं नाव होतं. अव्वांनी ते दोनदा मोठ्याने वाचलं. "ह्यांचं घर त्या पलीकडच्या बोळात होतं. भिवंडीला गेले सगळे. लई वर्सं झाली."

मी पेन्सिल घेऊनच गेले होते, जुनी सवय. मलपृष्ठाच्या आत एक वर्गांक लिहावा असं मनात होतं. पंचांग म्हणून ५२९, कालगणनेत? की १३३.५, ज्योतिषात? समासाला धरून चाललं तर मजुरीचं ३३१. विणकामाचं म्हणून ६७७. महाराष्ट्राचा इतिहास म्हणून ९५४.७९२. की ८९४.८२७, कारण त्या नऊ रेघांनंतर त्याने जे एकच वाक्य लिहिलं होतं, ते वाचताना अव्वा थांबल्या होत्या आणि त्यांनी मला त्याचा अर्थ सांगितला नव्हता. ६७७ लिहिलं, खोडलं. ३३१ लिहिलं.

अव्वा माझ्या हाताकडे बघत होत्या. "लिव्ह की सावकाश," म्हणाल्या. "आधी पान उलट. अजून लई हाय इथं."